बावखलाचें पाणी
(वसई तालुक्यांतील एका धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाचे प्रसंगीं पूर्वजांचें स्मरण करावें, देवळाचा इतिहास सांगावा आणि झालेल्या उपकारांबद्दल परमेश्वराचे आभार मानावे, असा आपला परिपाठ आहे. माझ्या आधींच्या वक्त्यांनीं हें काम उत्तम रीतीनें केलें आहे. तेव्हां तेंच पुन्हां न सांगतां, ज्या एका वस्तूवांचून हें देऊळ उभेंच राहिलें नसतें, आणि जिच्याविषयीं आपल्या कोणत्याही शिलालेखावर एक अक्षरही कोरलेलें नाहीं, अशा वस्तूविषयीं मी आज चार शब्द बोलणार आहें. ती वस्तु म्हणजे आपल्या भूमीच्या पोटांतलें गोडें पाणी.

देऊळ बांधावयाचें म्हणजे चुना भिजवावा लागतो, भिंतीवर पाणी मारावें लागतें, गवंड्यांची आणि मजुरांची तहान भागवावी लागते. पुढें देऊळ उभें राहिलें म्हणजे स्नानसंस्काराच्या कुंडांत पाणी लागतें, आणि मिस्साबलीच्या वेळीं द्राक्षारसांत मिसळावयास त्याचा एक थेंब लागतो. आपल्या धर्मांतील पहिला संस्कार पाण्यानें होतो, आणि शेवटीं प्रेतपेटीवर जें शिंपडलें जातें तेंही पाणीच. अशा वस्तूविषयीं धर्मगुरूनें बोलावें यांत कोणास नवल वाटूं नये.

प्रथम जगाचा हिशेब थोडक्यांत पाहूं. पृथ्वीवरील सारें पाणी शंभर हंड्यांत भरलें आहे असें समजा. त्यांपैकीं साडेसत्त्याण्णव हंडे खारे आहेत. उरले अडीच. त्यांतील सुमारें पावणेदोन हंडे ध्रुवप्रदेशांत आणि उंच पर्वतांवर बर्फ होऊन राहिले आहेत. बाकीचा पाऊण हंडा, तोही बहुतेक सगळा जमिनीच्या पोटांत आहे. जगांतील यच्चयावत् नद्या आणि गोड्या पाण्याचीं सरोवरें मिळून जें पाणी होतें, तें या हिशेबानें एक लहान पेलाभरसुद्धां मुश्किलीनें भरेल. या पेल्यावर आणि त्या पाऊण हंड्यावर सर्व मनुष्यजात, सर्व जनावरें आणि सर्व शेती जगते.

आपल्या देशाच्या वांट्यास यांतील किती आलें आहे? जगांतील शंभर माणसांपैकीं सुमारें अठरा माणसें भारतांत राहतात, आणि जगांतील गोड्या पाण्याचे शंभर भाग केले तर त्यांतील सुमारें चार भाग भारतांत आहेत. जमिनीखालून पाणी उपसण्याच्या बाबतींत मात्र आपला देश सर्व राष्ट्रांत पहिला आहे. जगांत एकंदर जितकें भूजल उपसलें जातें, त्यांतील सुमारें चौथा हिस्सा एकटा भारत उपसतो, आणि त्यांतील बहुतेक सर्व शेतीस जातें. हें कांहीं भूषणाचें पहिलेपण नव्हे.

आतां आपल्या वसईकडे वळूं. पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस खाडी, उत्तरेस वैतरणेचें मुख. तीन बाजूंनीं खारें पाणी असतांना मध्यें ही केळीची, पानवेलीची, फुलांची आणि भाजीपाल्याची हिरवी पट्टी उभी कशी राहिली, याचा विचार आपण क्वचितच करतों. ज्या भूमींत खणतांच खारें पाणी लागावयास हवें, तेथें आपल्या वाडवडिलांस अमृतासारखें पाणी मिळालें, हें कसें?

याचें उत्तर आपल्या पायांखालच्या वाळूंत आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथें दोन हजार मिलीमीटर, म्हणजे सुमारें ऐंशी इंच पाऊस पडतो. वाळू तें पाणी पिऊन घेते. खालीं समुद्राचें खारें पाणी आधींच मुरलेलें असतें. परंतु गोडें पाणी त्याहून हलकें असल्यामुळें तें खाऱ्या पाण्यांत मिसळून न जातां, दुधावर साय धरावी तसें त्यावर तरंगत राहतें. या तरंगणाऱ्या पाण्याचा नियम १८८९ च्या सुमारास बादोन-खायबेन या डच गृहस्थानें, आणि पुढें १९०१ सालीं हेर्झबर्ग या जर्मन गृहस्थानें स्वतंत्रपणें शोधून काढला. तो नियम असा कीं, समुद्राच्या पातळीच्या वर गोडें पाणी एक हात उभें असेल, तर त्या पातळीखालीं तें सुमारें चाळीस हात खोल असतें.

हा नियम ऐकावयास मोठा सुखाचा वाटतो. पण तो उलटाही लागू पडतो, हें विसरूं नका. वरचें पाणी एक हात उतरलें, तर खालचें खारें पाणी कालांतरानें चाळीस हात वर चढतें. विहिरीच्या कांठावर उभे राहून पाहणाऱ्यास केवळ एक हात उतार दिसतो. खालून होणारी समुद्राची चढाई त्यास दिसत नाहीं. एके वर्षीं चहाची चव बदलते, दुसऱ्या वर्षीं डाळ शिजत नाहीं, तिसऱ्या वर्षीं केळीचीं पानें कडेनें करपूं लागतात. मग आपण म्हणतों, विहीर बिघडली. विहीर बिघडत नसते, बंधूंनो; आपण वरची साय ओरबाडून खाल्लेली असते.

आपल्या पूर्वजांनीं बादोन-खायबेनचें नांव ऐकलें नव्हतें. परंतु हा नियम त्यांच्या हातांस ठाऊक होता. त्याची साक्ष म्हणजे आपलीं बावखलें. नव्या पिढींतील मुलांस हा शब्द समजावून सांगावा लागतो, म्हणून सांगतों. बावखल म्हणजे वाडीच्या सखल भागांत खणलेला रुंद, उतरत्या कांठांचा खड्डा, जो पावसाळ्यांत तुडुंब भरतो आणि उन्हाळ्यांतही तळाशीं पाणी धरून ठेवतो. तो विहिरीसारखा अरुंद व खोल नसतो. कारण त्याचें काम पाणी काढावयाचें तसेंच पाणी पाजावयाचेंही आहे. आजूबाजूच्या चार वाड्यांतून वाहून येणारें पावसाचें पाणी तो अडवितो, सावकाश जमिनींत मुरवितो आणि भोंवतालच्या सर्व विहिरींची पातळी उचलून धरतो. जमिनीच्या तहानेची व्यवस्था त्यांनीं आधीं केली आणि आपल्या तहानेची मागाहून.

या बावखलांवर आणि विहिरींवर रहाट चालत. बैल किंवा रेडा गोल फिरे, लोट्यांची माळ वर येई, पाणी पाटांतून केळींच्या आळ्यांत जाई. रहाटाची एक थोरवी अशी होती कीं, त्यास मर्यादा होती. जनावर थकत असे. तें थकलें म्हणजे त्यास सोडावें लागे, आणि जनावर विसांवा घेई तेवढ्या वेळांत विहीरही विसांवा घेई. उपसा आणि झिरपा यांचा मेळ त्या मुक्या जिवाच्या श्रमानें राखला होता. १५३४ सालीं येथें पोर्तुगीजांचें राज्य आलें, १७३९ सालीं मराठ्यांनीं तें जिंकलें, पुढें इंग्रज आले आणि गेले. राज्यें बदललीं, पाण्याची गोडी बदलली नाहीं. ती बदलली आपल्या हयातींत.

कशी बदलली, तें आपणांपैकीं पुष्कळांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. प्रथम इंजिन आलें, मग विजेचा पंप आला. पंप थकत नाहीं. मुंबई वाढत वाढत आगगाडीच्या रुळांवरून आपल्या दारापर्यंत आली. १९९० सालीं वसई-विरारच्या नियोजनाचा अधिकार सिडकोकडे देण्यांत आला, २००९ सालीं महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेंत या शहराची वस्ती बारा लाखांहून अधिक भरली. इमारती आधीं उठल्या. नळ मागाहून आले. मधल्या काळांत त्या इमारतींची तहान कोणीं भागविली? आपल्या हिरव्या पट्टींतील विहिरींनीं, आणि टँकरांनीं.

त्या काळीं या गोष्टीस विरोध करण्यास आपलेच लोक पुढें आले, हें महोत्सवाच्या दिवशीं अभिमानानें सांगितलें पाहिजे. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, आणि पुढें १९२० नव्हे तर शंभर वर्षांनीं, २०२० सालीं, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले कैलासवासी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, आणि तिच्या झेंड्याखालीं ख्रिस्ती, हिंदु, मुसलमान असे सर्व धर्मांचे शेतकरी एकत्र आले. फादर दिब्रिटो २०२४ च्या जुलै महिन्यांत देवाघरीं गेले. त्यांचें स्मरण करावयाचें तर त्यांच्या तसबिरीस हार घालण्यापेक्षां आपल्या वाडींतलें बावखल राखणें हें त्यांस अधिक आवडलें असतें, असें मला वाटतें.

परंतु चळवळ रस्त्यावर जिंकतां येते आणि परसांत हरतां येते. किती बावखलें मातीनें बुजलीं? किती ठिकाणीं त्यांवर बंगले, गाळे, लग्नाचीं मैदानें झालीं? बुजविलेलें बावखल दोन वेळां सूड घेतें: मे महिन्यांत विहीर आटवून, आणि जुलै महिन्यांत घरांत पाणी घालून. २०१८ च्या जुलैंत वसई कित्येक दिवस पाण्याखालीं होती, आगगाड्या बंद पडल्या होत्या, तें आपण विसरलों नाहीं. त्या पुराचीं कारणें अनेक होतीं; पण पावसाच्या पाण्याची विसांव्याची जागा आपण बुजविली, हें त्यांतील एक कारण होय. पाण्यास बसावयास पाट दिला नाहीं, तर तें आपल्या अंथरुणावर येऊन बसणारच.

कोणी म्हणेल, "फादर, आतां नळ आले आहेत, विहिरींची एवढी चिंता कशास?" या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं नळाच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, तें पाहिलें पाहिजे. मुंबईनें १८६० सालीं विहार तलाव बांधला, तो पुरला नाहीं. १८७९ सालीं तुळशी, १८९२ सालीं तानसा, १९५७ सालीं वैतरणा, त्यानंतर भातसा, आणि २०१४ सालीं मध्य वैतरणा. प्रत्येक वेळीं पाणी अधिक दूरचें, आणि तहान अधिक मोठी. ज्या शहापूर तालुक्यांतून मुंबईस एवढें पाणी जातें, त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांतील बायका उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत उभ्या राहतात. आपल्याकडे येणारें सूर्या नदीचें पाणी तरी कोणाचें? धामणीचें धरण मुळांत डहाणू-पालघरकडील शेतीस पाणी मिळावें म्हणून योजलें होतें. आज त्या नदींतून वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या दोन शहरांसाठीं दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी आणण्याची योजना झाली आहे, आणि त्या भागांतील आदिवासी शेतकऱ्यांनीं आपला वांटा जातो म्हणून तक्रार केली आहे. आपण आपली विहीर नासवून नळाची तोटी उघडतों, तेव्हां आपला भार कोणातरी गरीब शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन पडतो. आपल्या पूर्वजांनीं दुसऱ्याच्या नदीवर हात न टाकतां ही भूमि हिरवी ठेवली होती, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

आणि दूरच्या पाण्यावर अवलंबून राहण्याचा शेवट कोठें होऊं शकतो, तेंही आपल्या महाराष्ट्रानें पाहिलें आहे. २०१६ च्या एप्रिल महिन्यांत लातूर शहरास पाणी उरलें नाहीं, तेव्हां तीनशेंहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. पहिल्या गाडीस दहा डबे होते आणि त्यांत पांच लाख लिटर पाणी होतें. सरकारनें आणि रेल्वेनें तें पाणी पोंचविलें, हें त्यांस भूषणावह आहे. परंतु ज्या शहरास गाडीनें पाणी आणावें लागतें, तें शहर गाडी चुकली तर काय करील?

आतां मी अशा प्रश्नाकडे येतों, कीं जो पुष्कळांस रुचणार नाहीं. माझ्या विहिरींतलें पाणी कोणाचें?

कायद्याचें उत्तर बराच काळ सोपें होतें. १८८२ च्या ईझमेंट कायद्याप्रमाणें, ज्याची जमीन त्यास तिच्या खालचें मुरलेलें पाणी काढून घेण्याचा अधिकार मानला गेला. पुढें पुढें ही दृष्टि बदलूं लागली. महाराष्ट्रांत १९९३ सालीं पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठीं कायदा झाला आणि सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरांच्या आंत नवी विहीर खणण्यास त्यानें बंदी घातली. २००९ सालीं भूजलाविषयीं अधिक व्यापक कायदा संमत झाला. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं असें तत्त्व स्वीकारलें कीं, नद्या, समुद्रकिनारे, वनें यांसारखी सृष्टिसंपत्ति सरकारच्या मालकीची नसून, सरकार हें लोकांच्या वतीनें तिचें विश्वस्त आहे.

आपल्या धर्मशास्त्राचें उत्तर याहून जुनें आहे. तेराव्या शतकांत संत थोमस आक्विनास यांनीं या प्रश्नाचा विचार करतांना दोन गोष्टी वेगळ्या केल्या. वस्तूची मिळकत आणि व्यवस्था करण्याचा अधिकार एकट्या माणसास असूं शकतो, नव्हे, तो असणें हिताचें आहे. कारण जें सर्वांचें तें कोणीच नीट सांभाळत नाहीं. परंतु त्या वस्तूच्या उपभोगाच्या बाबतींत माणसानें ती केवळ आपली म्हणून धरूं नये. गरजवंतास देण्यास सदैव तयार असावें. म्हणजे विहीर तुमची आहे, तिचा कठडा तुमचा आहे, पंप तुमचा आहे, आणि तिची निगा राखण्याचा मानही तुमचाच आहे. पण ती उपसून कोरडी करण्याचा अधिकार मात्र तुमचा नाहीं; कारण तुमच्या पंपानें ओढलेलें पाणी कुंपणाच्या पलीकडूनही येत असतें, आणि कुंपण खालच्या पाण्यापर्यंत पोंचत नाहीं. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या आपल्या विश्वपत्रांत पिण्यायोग्य पाणी मिळणें हा प्रत्येक मनुष्याचा मूलभूत हक्क आहे, असें निःसंदिग्धपणें सांगितलें, तें याच परंपरेस धरून आहे.

पाण्यावरचा हक्क अडवून धरणें किती मोठें पाप आहे, हें आपल्या महाराष्ट्रास निराळें शिकवावें लागूं नये. महात्मा फुल्यांनीं १८६८ सालीं आपल्या घरची विहीर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुली केली. १९२७ च्या मार्च महिन्याच्या २० तारखेस महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मनुष्यत्वाचा हक्क बजावला, आणि न्यायालयांत त्याचा अखेरचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडलें. ओंजळभर पाण्यासाठीं दहा वर्षें! त्या वेळीं पाणी जातीच्या नांवानें अडविलें जात असे. आज तें पैशाच्या नांवानें अडविलें जाऊं नये.

पवित्र शास्त्रांत उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायांत इसहाकाची गोष्ट आहे. त्याच्या बापानें, अब्राहामानें, खणविलेल्या विहिरी पलिष्ट्यांनीं मातीनें बुजविल्या होत्या. इसहाकानें त्या पुन्हां उकरविल्या आणि बापानें ठेवलेलीं नांवेंच त्यांस पुन्हां दिलीं. पुढें त्याच्या चाकरांनीं नवी विहीर खणली, तर गरारच्या गुराख्यांनीं भांडण केलें. तिचें नांव एसेक, म्हणजे कलह. दुसरी खणली, तिच्यावरूनही वैर माजलें; तिचें नांव सितना. तिसरीवरून मात्र कोणी भांडलें नाहीं; तिचें नांव त्यानें रहोबोथ ठेविलें, म्हणजे सर्वांस ऐसपैस जागा. या गोष्टींत मला एक गोष्ट नेहमीं विशेष वाटते. अब्राहामाच्या विहिरी परक्यांनीं बुजविल्या होत्या. आपल्या बावखलांविषयीं आपल्यास तसें म्हणतां येईल काय?

येथें मी शेतकऱ्याची बाजूही मांडली पाहिजे. न मांडली तर अन्याय होईल. केळीस भाव मिळत नाहीं, पानवेलीवर रोग पडतो, मजूर मिळत नाहीं, आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च तर दरवर्षीं वाढतो. अशा वेळीं टँकरवाला दारांत रोख पैसे घेऊन उभा राहिला, तर त्यास नाहीं म्हणणें सोपें नाहीं. कित्येक घरांतील मुलामुलींच्या फिया याच पाण्यावर भरल्या गेल्या आहेत, आणि त्या मुलामुलींचें कल्याण झालें याचा मला आनंदच आहे. शिवाय ज्याच्या घरीं तें पाणी गेलें, तोही कोणी चैनी माणूस नव्हता. दोन खोल्यांत राहणारा, पहाटेची गाडी पकडणारा कष्टाळू संसारी माणूस होता. तहानलेल्यास पाणी विकलें म्हणून कोणास मी दोषी ठरवीत नाहीं.

मी फक्त हिशेब मांडतों. एक गुंठा म्हणजे सुमारें शंभर चौरस मीटर जागा. तिच्यावर दोन हजार मिलीमीटर पाऊस पडला म्हणजे दोन लक्ष लिटर पाणी झालें. दहा हजार लिटरांचा एक टँकर धरला, तर एका गुंठ्यावरचा सबंध पावसाळा वीस टँकरांत संपला. आणि त्यांतही कांहीं पाणी वाहून जातें, कांहीं उन्हानें उडतें, तें वेगळेंच. दहा गुंठ्यांच्या वाडींतून दररोज पांच टँकर भरले, तर चाळीस दिवसांत त्या वाडीचा वर्षाचा पाऊस खलास. एकेचाळिसाव्या दिवशीं तुम्ही जें विकतां, तें शेजाऱ्याचें असतें. आणि शेजाऱ्याचेंही संपलें म्हणजे समुद्राचें. व्याजावर जगणाऱ्यास कोणी नांवें ठेवीत नाहीं. मुद्दल खाणाऱ्याच्या मुलांस मात्र भीक मागावी लागते.

याच हिशेबाची दुसरी बाजू आशेची आहे. शंभर चौरस मीटरांचें छप्पर असलेल्या घरावरून, कांहीं भाग वाया गेला असें धरूनही, एका पावसाळ्यांत दीड लक्ष लिटर पाणी मिळूं शकतें. सरकारच्या जलजीवन योजनेंत खेड्यांतील माणसीं दररोज ५५ लिटर पाणी धरलें आहे. त्या मानानें पांच माणसांच्या कुटुंबास सबंध वर्षाला एक लक्ष लिटर लागतात. म्हणजे जें पाणी आपण पन्हाळींतून रस्त्यावर आणि रस्त्यावरून गटारांत सोडून देतों, तें आपल्या कुटुंबाच्या वर्षाच्या गरजेहून अधिक आहे.

म्हणून या महोत्सवाचें स्मारक म्हणून मी आपणांपुढें कांहीं सूचना ठेवतों. संगमरवरी पाटी कोरावयास मला हरकत नाहीं. पण तिच्याआधीं हीं कामें व्हावीं.

पहिलें, आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक विहीर आणि प्रत्येक बावखल यांची नोंद करावी. तरुण मंडळानें वही घालून दिवाळीच्या सुमारास एकदां आणि मे महिन्याच्या अखेरीस एकदां प्रत्येक विहिरीच्या पाण्याची खोली दोरीनें मोजावी, आणि पाण्याचा खारेपणा तपासावा. आजारी माणसाचा ताप न मोजतां वैद्य औषध देत नाहीं. विहीर हिंदु शेजाऱ्याची असो वा आपली, वहींत तिला सारखीच जागा असावी. कारण खालचें पाणी धर्म विचारीत नाहीं.

दुसरें, यापुढें एकही बावखल बुजूं नये. जीं गाळानें भरलीं आहेत, तीं उन्हाळ्यांत सर्वांनीं मिळून उपसावीं. तो गाळ वाड्यांस उत्तम खत आहे. वसईंतील कांहीं गांवांच्या तरुणांनीं हें काम अलीकडे करून दाखविलें आहे. तेव्हां तें अशक्य आहे असें आपल्यास म्हणतां येणार नाहीं.

तिसरें, देवळाच्या, शाळेच्या आणि सभागृहाच्या छपरांवरील पाणी, पहिल्या एकदोन सरी सोडून, वाळू-खडीच्या गाळणींतून देवळाच्या विहिरींत सोडावें. हें काम येत्या पावसाळ्यापूर्वीं व्हावें, असा माझा आग्रह आहे. लोकांस सांगण्यापूर्वीं देवळानें तें करून दाखवावें. पांचशें चौरस मीटरांच्या छपरावरून या मार्गानें सहजच सातआठ लक्ष लिटर पाणी जमिनीस परत जाईल.

चौथें, शौचकूपाचे खड्डे विहिरींपासून दूर असावे. आपली वाळू जशी पाऊस पिते, तशी घाणही पिते. आणि जें पिते तें लपवून ठेवीत नाहीं.

पांचवें आणि सर्वांत कठीण. पाणी विकण्याविषयीं गांवानें आपसांत एक मर्यादा ठरवावी. आधीं पिण्याचें, मग वाडीचें, आणि राहिलें तर विक्रीचें, असा क्रम असावा; आणि मार्चपासून पाऊस पडेपर्यंत विक्री बंद असावी. यावर पोलिसांचा पहारा नको, आणि माझाही नको. ज्याच्या घरास खरोखरच त्या पैशाचा आधार आहे, त्याची अडचण धर्मग्रामाच्या पतपेढीनें आणि दानपेटीनें आपली मानावी. शेजाऱ्यास मदत न करतां त्यास त्याग शिकविणें हा ढोंगीपणा होईल.

संत फ्रान्सिस असिसीकर यांनीं आपल्या सुप्रसिद्ध स्तोत्रांत पाण्यास भगिनी म्हटलें आहे. आपल्या मराठी घरांत भगिनीचें नातें कसें असतें, तें मी आपणांस सांगावयास नको. ती माहेरीं येते तेव्हां रिकाम्या हातानें येत नाहीं, आणि तिला रिकाम्या हातानें परत पाठविण्याची आपली रीत नाहीं. दर वर्षीं मिरगाला ही भगिनी आपल्या दारीं येते. तिला आंत घ्यावयास दार उघडें हवें, बसावयास जागा हवी, आणि तिची ओटी भरावयास मन हवें.

पुढच्या महोत्सवाचे वेळीं या व्यासपीठावर आपल्यापैकीं पुष्कळ जण नसतील. मी तर नसेनच. त्या दिवशीं जे वक्ते उभे राहतील, त्यांनीं आपल्याविषयीं काय बोलावें, हें आज ठरावयाचें आहे. सर्वसमर्थ परमेश्वर, ज्यानें या वाळूच्या पोटांत समुद्राशेजारीं गोडें पाणी ठेविलें, तो आपणांस तें राखण्याची सद्बुद्धि आणि बळ देवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.